पैसे कोणाचे, कॅमेरा कोणाच्या दारात

रामोन आसीन हा स्पेनमधल्या वेस्का शहरातला चित्रकलेचा शिक्षक, शिल्पकार आणि कट्टर अराज्यवादी कार्यकर्ता. चित्रपट दिग्दर्शक लुइस बुन्युएल त्याचा मित्र. बुन्युएलच्या आधीच्या चित्रपटावरून १९३० साली पॅरिसच्या थिएटरात मोडतोड झाली होती आणि चित्रपटावर बंदी आली होती. आता त्याला फिल्म करायची होती लास उर्देसवर. पश्चिम स्पेनमधला, पोर्तुगालच्या सीमेजवळचा हा डोंगराळ मुलूख. जमीन खडकाळ, रस्ते नाहीत, हिवतापाने आणि गलगंडाने माणसं खंगलेली. मॉरिस लजांद्र या फ्रेंच अभ्यासकाने या भागावर लिहिलेला ग्रंथ बुन्युएलच्या वाचनात आला होता. १९२२ मध्ये खुद्द राजा तेरावा आल्फोन्सो तिथे जाऊन आला होता, त्याचे फोटो छापून आले होते. तरीही तिथल्या माणसांच्या पानात फारसा फरक पडलेला नव्हता.

आसीनने मित्राला शब्द दिला होता, लॉटरी लागली तर तुझ्या फिल्मचा खर्च माझा. १९३२ च्या नाताळच्या सोडतीत त्याला खरोखरच बक्षीस लागलं आणि त्याने २०,००० पेसेटा काढून दिले. त्यातून एक जुनी गाडी आली. कॅमेरा एका फ्रेंच मित्राकडून उसना मिळाला. १९३३ च्या एप्रिल-मे महिन्यांत चित्रीकरण झालं. संकलनासाठी यंत्र भाड्याने घ्यायलाही पैसे उरले नव्हते, म्हणून बुन्युएलने माद्रिदमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग धरून, फिल्मच्या पट्ट्या डोळ्यांनी बघून त्या जोडल्या. आवाज चढवायलाही काही शिल्लक नव्हतं. त्या वर्षाच्या डिसेंबरात निमंत्रितांपुढे पहिला खेळ झाला तेव्हा तो स्वतः मायक्रोफोन घेऊन निवेदन वाचत होता आणि ग्रामोफोनवर तबकड्या लावत होता.

अतिदारिद्र्यावरच्या स्वतंत्र माहितीपटाची गोष्ट सांगायची तर मला हीच सुरुवात योग्य वाटते. सरकार, कंपनी, चर्च, स्टुडिओ यांपैकी कोणाचाही पैसा या फिल्मला लागलेला नव्हता. त्यामुळे ती कोणालाही दुखवू शकत होती आणि तिने दुखवलंही. लास उर्देसच्या कल्याणासाठी नेमलेल्या मंडळाचे प्रमुख डॉ. मारान्योन यांना ती अजिबात रुचली नाही. शेजारच्या गावातलं सुंदर लोकनृत्य का नाही दाखवलं, असा त्यांचा सवाल होता. राजेशाही जाऊन आलेल्या प्रजासत्ताकाच्या सरकारने फिल्मवर बंदी घातली. यादवी युद्ध पेटल्यावर मात्र त्याच प्रजासत्ताकाच्या पॅरिसमधल्या वकिलातीने ध्वनिमुद्रणाचा खर्च दिला. ते बघायला आसीन उरला नव्हता. १९३६ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी त्याला गोळ्या घातल्या आणि काही दिवसांनी त्याच्या बायकोलाही. पुढे अनेक वर्षांनी बुन्युएलने फिल्मचे पैसे आसीनच्या मुलींना परत केले.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून ऊर भरून येतो. पण फिल्म नीट बघितली की दुसरी बाजू समोर येते. एका प्रसंगात निवेदक सांगतो की इथल्या लोकांना बकरीचं मांस मिळतं ते बकरी कड्यावरून पडून मेली तरच. लगेच एक बकरी पडताना दिसते. त्याच चौकटीच्या कडेला, जरा लक्ष देऊन पाहिलं तर, धुराचा एक पुंजका उडतो. बकरी पडत नव्हती म्हणून तिला गोळी घातली होती. इतरही काही प्रसंग असेच गावकऱ्यांना पैसे देऊन घडवून घेतले होते. आणि संबंध फिल्मभर लास उर्देसच्या एकाही माणसाच्या तोंडी एक वाक्य नाही. त्यांच्याबद्दल बोलतो तो निवेदकच, आणि तोही थंड, तटस्थ, वरच्या पायरीवरून. २००० साली रामोन गीलिंग या डच दिग्दर्शकाने तिथे जाऊन एक माहितीपट केला, तेव्हा सत्तर वर्षं होत आली तरी लोकांच्या मनातला सल गेलेला नव्हता. बुन्युएलच्या फिल्मने आपल्या मुलखाला कायमचा बट्टा लावला असं त्यांना वाटत होतं.

म्हणजे पैसा पूर्ण मोकळा होता आणि फिल्म ज्यांच्यावर आहे त्यांची तोंडं पूर्ण बंद होती. आता याच्या नेमकं उलटं उदाहरण बघा. बुन्युएलनंतर दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, लंडनमध्ये आर्थर एल्टन आणि एडगर अ‍ॅन्स्टी यांनी 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा छोटा माहितीपट केला. विषय पूर्व लंडनमधल्या स्टेपनी भागातल्या झोपडपट्ट्या. पैसा गॅस कंपन्यांच्या संघटनेचा. तिचा हिशेब सरळ होता: जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहिल्या तर घरोघर गॅसच्या शेगड्या जातील. फिल्मच्या उत्तरार्धात नव्या इमारतींचे नमुने येतात ते त्यासाठीच. भाडं कोण वसूल करतं, जमीन कोणाच्या मालकीची आहे, हे प्रश्न फिल्म विचारत नाही. तरीही या फिल्मने एक मोठं काम केलं. तिने त्या काळातलं अवजड ध्वनियंत्र त्या अंधाऱ्या खोल्यांपर्यंत नेलं आणि तिथल्या माणसांना थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलू दिलं. एक बाई उंदीर कसा मारला ते तपशीलवार सांगते. तिच्या सांगण्यात लाज नाही, विनवणी नाही, उलट थोडा अभिमानच आहे. गरीब माणूस पडद्यावर स्वतःच्या तोंडाने बोलला त्याची ही अगदी सुरुवातीची नोंद आहे आणि ती गॅसवाल्यांच्या पैशाने झाली.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते, आणि या प्रकरणात मला तीच सांगायची आहे. गरिबीवर फिल्म करणाऱ्याला दोन हिशेब द्यावे लागतात. पैसा कुठून आला आणि त्याने कोणते प्रश्न दाबले, हा एक. फिल्ममधल्या माणसाला बोलायला, नाही म्हणायला, उलट प्रश्न करायला किती जागा मिळाली, हा दुसरा. पहिला हिशेब स्वच्छ असला की दुसरा आपोआप स्वच्छ होतो, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. ते खरं नाही.

आता मुंबईत येऊ. १३ जुलै १९८१ ला, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी परत पाठवण्याची घोषणा केली. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. निकालपत्रात एका याचिकाकर्त्याची हकिकत आहे. तो १९६९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरहून मुंबईत आला. गावी जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये सुटत, पण राहतं घर पडलं. मुंबईत त्याला महिना ३५० रुपयांवर बदली कामगाराचं काम मिळालं. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले आणि बांबू-प्लास्टिकवर आणखी ७०० रुपये घातले.

या आकड्यांशी जरा थांबायला हवं. फुटपाथवरचा माणूस फुकट राहत नव्हता. त्याने जवळजवळ तीन महिन्यांचा पगार मोजून ती जागा घेतली होती आणि महापालिकेची गाडी यायची ती हजार रुपयांची भांडवली गुंतवणूक मोडून टाकायला. गरिबीवरच्या ज्या फिल्ममध्ये हे आकडे येत नाहीत, ती बहुधा फक्त चेहरे दाखवत असते. चेहरे बघून दया येते. आकडे बघितल्यावर प्रेक्षक विचारतो की ते ३०० रुपये पुढे कोणाकोणाला पोचले.

आनंद पटवर्धन याच काळात मुंबईच्या फुटपाथवर आणि झोपडपट्ट्यांत १६ एमएमचा कॅमेरा घेऊन फिरत होते. त्यातून १९८५ मध्ये 'हमारा शहर' तयार झाली. त्याच वर्षी १० जुलैला सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला नाही आणि पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, घरं पाडू नयेत असा दिलासा दिला. त्या वर्षी 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवासीयांची स्वतःच शिरगणती करून ती प्रसिद्ध केली. तोवर ही माणसं शहराच्या कुठल्याच वहीत धड नोंदलेली नव्हती.

पटवर्धनांच्या कामाची घडण समजून घ्यायची तर आधी फिल्म नावाच्या वस्तूचा खर्च समजून घ्यावा लागतो. १६ एमएमचं ४०० फुटांचं रीळ कॅमेऱ्यातून साधारण ११ मिनिटांत संपतं. कच्ची फिल्म विकत घ्यायची, ती लॅबमध्ये धुवायची, तिची प्रिंट काढायची, आवाज वेगळ्या टेपवर घेतलेला असतो तो चित्राशी जुळवायचा. हाती लागलेल्या दहा मिनिटांपैकी एक मिनिट अखेरच्या फिल्ममध्ये राहतं असं धरलं, तर ८० मिनिटांच्या फिल्मसाठी सत्तरहून जास्त रिळं लागतात. एवढ्या महाग मालावर काम करणारा दिग्दर्शक माणसाला बोलतं करण्यासाठी ताटकळू शकत नाही. आणि ज्याला आयुष्यात कोणी काही विचारलेलं नाही, तो माणूस लगेच बोलत नाही. तो आधी नको म्हणतो, मग साहेबाला आवडेल असं काहीतरी सांगतो. खरं बोलणं त्यानंतर येतं. तोवर चार मिनिटांची फिल्म खर्ची पडलेली असते. म्हणून त्या काळात कॅमेरा बंद ठेवून वस्तीत दिवसच्या दिवस बसणं हाच एक उपाय होता, आणि त्यासाठी पोटापाण्याची वेगळी सोय असलेला किंवा कमी पैशात जगू शकणारा दिग्दर्शकच लागायचा. पटवर्धन आपल्या फिल्मचे निर्माते स्वतःच असत, पुष्कळदा कॅमेरा आणि संकलनही स्वतःच करत.

'हमारा शहर'मध्ये पाडापाडी आहे, पावसात उघड्यावर पडलेल्या कुटुंबाचं तान्हं मूल जातं आणि बाप ते पुरायला नेतो, तो प्रसंग आहे. शाहीर विलास घोगरे यांचं गाणं आहे. शहराच्या वरच्या मजल्यावरची माणसंही आहेत. अधिकारी, जाहिरात क्षेत्रातली नामवंत मंडळी, शहर स्वच्छ व्हावं असं मनापासून वाटणारे सुखवस्तू नागरिक. त्यांना पटवर्धनांनी शांतपणे बोलू दिलं आहे. गरिबीवरच्या फिल्ममध्ये श्रीमंत माणूस असावाच लागतो, असं माझं मत या फिल्ममुळे बनलं. तो नसला की गरिबी ही अतिवृष्टीसारखी आकाशातून पडलेली वाटते.

पण फिल्मचा कणा असलेला प्रसंग वेगळाच आहे. घर मोडलेली एक बाई बोलता बोलता कॅमेरावाल्यांवरच उलटते. तुम्ही गरिबांचे फोटो काढता, त्यावर नाव कमावता, पैसे कमावता, आमच्यासाठी काय करणार आहात, असा तिचा सडेतोड सवाल आहे. संकलनाच्या टेबलावर हा तुकडा कापणं अगदी सोपं होतं. पटवर्धनांनी तो ठेवला. तिचं म्हणणं फिल्मला उघडं पाडतं आणि तरी ते फिल्ममध्ये आहे. लास उर्देसच्या लोकांना जे मिळालं नव्हतं ते इथे मिळालं: उलट बोलण्याची जागा.

त्या बाईच्या प्रश्नाला फिल्मबाहेरही काही उत्तर द्यावं लागलं. १९८६ मध्ये कफ परेडजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली तेव्हा रहिवाशांबरोबर शबाना आझमी आणि पटवर्धन उपोषणाला बसले. सरकारला नमतं घ्यावं लागलं आणि वस्तीला गोरेगावात पर्यायी जागा मिळाली. फिल्ममुळे जागा मिळाली असं मी म्हणणार नाही. संघटना होती, 'निवारा हक्क'सारखं व्यासपीठ होतं, लोक रस्त्यावर होते. पण फिल्म करणारा माणूस शूटिंग संपलं म्हणून सामान बांधून निघून गेला नाही, एवढं नक्की. फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअर मिळालं, तरी दूरदर्शनवर ती दाखवली जावी यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता आजच्या काळाबद्दल. कॅमेरा स्वस्त झाला आहे. चांगल्या फोनवर पडद्यायोग्य चित्र मिळतं, रिळाची चिंता राहिलेली नाही. त्यामुळे फिल्म करायला पैसे लागत नाहीत, असा समज तरुण मुलामुलींमध्ये पसरला आहे. प्रत्यक्षात खर्चाने फक्त जागा बदलली. आधी तो कच्च्या मालात होता, आता तो वेळात आहे. दोनशे तासांचं फुटेज बघायला, त्याचा शब्दन् शब्द उतरवून काढायला, वडारी किंवा गोंडी बोलणाऱ्याचं म्हणणं जाणकाराकडून समजून घ्यायला महिने जातात. संकलक सहा महिने एकाच फिल्मवर बसला तर त्याचं घर कोण चालवणार? ध्वनिमिश्रण, रंगसंस्करण, उपशीर्षकं, जुन्या चित्रफितींचे हक्क, वकिलाचा सल्ला हे पुढचे खर्च तर पहिल्या अंदाजपत्रकात बहुतेकांनी धरलेलेच नसतात.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांवर फिल्म करायची आहे असं समजा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाने उन्हाळ्या-पावसाळ्यातच उचल दिलेली असते. कारखान्याच्या परिसरात पालं पडतात, पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या बांधणं, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणं. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा मार्च-एप्रिल उजाडतो. नवखा दिग्दर्शक या सहा महिन्यांतले पंधरा दिवस पकडतो: ऊस, कोयते, पालातली चूल, आईच्या मागे फिरणारं पोर. चित्रं भेदक मिळतात. पण ऊसतोड कामगाराच्या गरिबीचं खरं यंत्र त्या पंधरा दिवसांत दिसत नाही. ते दिसतं हंगाम संपल्यावर, मुकादमाच्या वहीत. उचल फिटली नाही, अंगावर बाकी राहिली, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाबरोबर जावं लागतं. हे दाखवायचं तर दोन हंगाम आणि मधला पावसाळा गावात काढायला हवा. अनुदान देणाऱ्या संस्थांची मुदत बहुधा वर्षाची असते. दारिद्र्याचं चक्र त्या मुदतीत बसत नाही आणि मग चक्राचा एक तुकडाच पूर्ण गोष्ट म्हणून दाखवला जातो.

पैसे मिळतात कुठून? आपल्याकडे दीर्घकाळ एकच मोठं दार होतं, ते म्हणजे १९४८ मध्ये सुरू झालेलं फिल्म्स डिव्हिजन. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. २००० साली स्थापन झालेल्या 'पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट'ने दूरदर्शनच्या साथीने शेकडो छोट्या माहितीपटांना पैसा दिला, अनेक दिग्दर्शकांचं पहिलं काम त्यातून झालं. बंगळुरूचं 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स' आहे. परदेशात अ‍ॅमस्टरडॅमच्या 'इडफा' महोत्सवाचा बर्था फंड आणि अमेरिकेतल्या सनडान्स संस्थेचा माहितीपट निधी हे दोन ठळक स्रोत. परदेशी देणगी घ्यायची तर परकीय अंशदान नियमन कायदा आडवा येतो. तो गेल्या काही वर्षांत बराच कडक झाला आहे, त्यामुळे कागदपत्रांचं काम सुरुवातीलाच जाणकार सनदी लेखापालाकडून करून घेतलेलं बरं. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचं बंधन घातलं, तिकडेही अनेकांची नजर जाते. पण तिथे बहुधा कंपनीच्या प्रकल्पाचं कौतुक करणारी फिल्म अपेक्षित असते. गॅस कंपन्यांची शेगडी आजही फिल्मच्या शेवटी येऊन बसू शकते.

परदेशी निधीचा दबाव जरा वेगळ्या प्रकारचा असतो आणि तो ओळखणं अवघड. कलकत्त्याच्या 'डॉकएज'सारख्या मंचावर किंवा इडफाच्या बाजारात दिग्दर्शकाला काही मिनिटांत आपली फिल्म निर्मात्यांपुढे आणि वाहिन्यांच्या संपादकांपुढे मांडावी लागते. तिथे हमखास विचारलं जातं की तुमचं मुख्य पात्र कोण, त्याच्या आयुष्यात बदल कधी होतो. हे प्रश्न वाईट नाहीत, त्यांनी पुष्कळ फिल्म सुधारल्या आहेत. पण सततच्या दारिद्र्यात बहुतेकांच्या आयुष्यात असा बदल होतच नाही, हाच तर विषय असतो. मग दिग्दर्शक नकळत अशी एक हुशार मुलगी शोधायला लागतो जी शिकेल, जिंकेल, गाव सोडेल. वस्तीतल्या उरलेल्या नव्व्याण्णव मुली पार्श्वभूमी होऊन जातात. दीपा भाटिया यांच्या 'नीरोज गेस्ट्स' या २००९ च्या माहितीपटाकडे मी आदराने बघतो ते यासाठी. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या हा विषय आणि पत्रकार पी. साईनाथ यांचा प्रवास हा धागा. पण फिल्मचा रोख या मरणांकडे पाठ फिरवून बसलेल्या खात्यापित्या समाजावर आहे. वाहवत नेणारा सुखान्त तिथे नाही.

आणखी एक मार्ग आहे, लोकवर्गणीचा. श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'साठी (१९७६) गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या 'ओडेसा' गटाने गावोगाव फिरून, लोकांना चित्रपट दाखवून पैसे गोळा केले आणि त्यातून १९८६ चा 'अम्मा अरियान' उभा राहिला. दोन्ही कथापट आहेत, तरी माहितीपटवाल्यांनी ते अभ्यासावेत. पुण्यात अतुल पेठे यांनी सफाई कामगारांच्या जगण्यावर 'कचराकोंडी' हा माहितीपट केला, तो त्यांच्या कामगार युनियनच्या साथीने. ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांची संघटना पाठीशी उभी असली की फिल्म कोणासाठी, हा प्रश्न चर्चेत राहतो. अडचणही त्यातच आहे. संघटनेतल्या उणिवा, आपसातली भांडणं दाखवताना हात आखडतो. ते आधीच बोलून घ्यावं, लिहूनही ठेवावं.

फिल्ममधल्या माणसांना पैसे द्यावेत का, यावर माहितीपटवाल्यांत जुना वाद आहे. पैसे दिले की माणूस आपल्याला हवं ते बोलतो, हा एक पक्ष. लास उर्देसची बकरी त्यांच्या बाजूने साक्ष देते. माझं मत असं: गोष्टीचे पैसे देऊ नयेत, पण बुडालेली मजुरी दिलीच पाहिजे. रोजंदारीवरची बाई कॅमेऱ्यापुढे अर्धा दिवस बसली तर तिच्या घरी त्या दिवशी पीठ येत नाही. फिल्ममधला ध्वनिमुद्रक रोजावर काम करतो आणि जिच्या आयुष्यावर फिल्म आहे तिचा रोज बुडतो, ही रीत कुठल्याही नीतीत बसत नाही. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत, उघडपणे दाखवावा.

संमतीपत्राचंही तसंच. इंग्रजीत छापलेल्या कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असं होत नाही. फिल्ममधल्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगायला हवं की फिल्म कुठे दिसेल, टीव्हीवर की मोबाइलवर, गावातले लोक बघतील का, सासरचे बघतील का. शूटिंग संपल्यावर पुन्हा विचारायला हवं आणि संकलनाचा कच्चा खर्डा तयार झाल्यावर तो दाखवून तिसऱ्यांदा. कलकत्त्याच्या सोनागाछीतल्या मुलांवरच्या 'बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स'ला २००५ मध्ये ऑस्कर मिळालं. मुलांनी काढलेल्या फोटोंच्या विक्रीतून त्यांच्या शिक्षणासाठी पैसाही उभा झाला. तरीही मुलांच्या आया आणि तिथल्या बायकांची संघटना यांना फिल्ममध्ये न्याय मिळाला का, यावर कडक टीका झाली. २०२२ मध्ये 'रायटिंग विथ फायर'ला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा जिच्यावर ती फिल्म होती त्या 'खबर लहरिया' या बायकांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेने जाहीर निवेदन काढलं की फिल्मने आमच्या कामाचा एकच भाग दाखवला आहे. दिग्दर्शकांचा हेतू वाईट होता असं कोणी म्हणणार नाही. मात्र 'खबर लहरिया'च्या बायकांकडे स्वतःचं वृत्तमाध्यम आणि स्वतःचं व्यासपीठ होतं म्हणून त्यांची तक्रार जगाला ऐकू गेली. फुटपाथवरच्या माणसाकडे ते नसतं. त्याची तक्रार ऐकण्याची सोय दिग्दर्शकालाच आधीपासून करून ठेवावी लागते.

वेळ आणि पैसा यांचा हिशेब पुन्हा पटवर्धनांकडेच नेतो. विलास घोगरे यांची पटवर्धनांशी ओळख 'हमारा शहर'च्या निमित्ताने झाली होती. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच या शाहिराने आत्महत्या केली. त्यातून जी फिल्म सुरू झाली ती 'जय भीम कॉम्रेड'. तिला १४ वर्षं लागली, कारण गोळीबाराच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत ती संपवायची नाही असं पटवर्धनांनी ठरवलं होतं. कुठलाही निधी १४ वर्षं थांबत नाही. आधीच्या फिल्मच्या प्रती विकून, व्याख्यानं देऊन, पुरस्कारांचे पैसे परत कामात घालूनच असं काम तगून राहतं. फिल्म तीन तासांहून मोठी झाली आणि २०१२ च्या जानेवारीत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत उघड्यावर पडदा लावून दाखवली गेली.

वस्तीत फिल्म दाखवणं हे अंदाजपत्रकातलं शेवटचं कलम, आणि पैसे संपले की सगळ्यात आधी तेच कापलं जातं. महोत्सवांची प्रवेश फी, परदेशी प्रवास, पत्रकारांसाठीची माहितीपुस्तिका यांना पैसे निघतात, पण प्रोजेक्टर, पडदा, दोन स्पीकर, जनरेटर आणि ते वाहून नेणारा टेम्पो यांना निघत नाहीत. सेन्सॉरचं प्रमाणपत्र हा आणखी एक खर्च. २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने भारतीय फिल्मसाठी ते सक्तीचं करायचा घाट घातला, तेव्हा देशभरच्या माहितीपटवाल्यांनी 'विकल्प' नावाने शेजारीच दुसरा महोत्सव भरवला. त्यातून कॉलेजं, युनियनची कार्यालयं, समाजमंदिरं अशा ठिकाणी फिल्म नेण्याचं जाळं उभं राहिलं. नव्याने काम सुरू करणाऱ्याने या खेळांचा खर्च पहिल्याच दिवशी काढावा: किती वस्त्या, किती खेळ, दर खेळाला भाडं आणि डिझेल किती, आणि खेळानंतर लोक जे बोलतील ते टिपायला कोण थांबणार. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि संकलनाचा खर्च वाढला तरी तिला हात लावू नये.